उद्या पिल्लू येतंय, ताई

ताई, तुझ्या खोलीचं दार आज उघडलं. कारण मांजरीचं पिल्लू. तेरवी झाल्यापासून मी ते दार ओढून घेऊन कडी लावून ठेवलं होतं. आत लपवण्यासारखं काही नव्हतं, जाता-येता तुझा पलंग दिसू नये एवढंच. पण जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नव्या पिल्लाला पहिले आठ-दहा दिवस एकच खोली द्या, जिचं दार नीट बंद होतं अशी. सगळं घर एकदम दिलं तर ते बावरतं, कुठेतरी सांदीत जाऊन बसतं. आता आपल्या घरात बंद होणारं दार एकच आहे. बैठकीला दारच नाही, आणि स्वयंपाकघराचं दार पावसाळ्यात फुगलं ते अजून चौकटीत बसत नाही. तू दर वर्षी म्हणायचीस, सुताराला बोलाव. मी दर वर्षी म्हणायचे, बोलावते.

तर उद्या शनिवार, आणि पिल्लू येतंय. मी थकले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे चिडचिड दिसली तर तू म्हणायला नको, काहून वं कुंदे, काहून तोंड चढवून राहिली. दवाखान्याच्या दहा दिवसांत मी थकले नव्हते. तेरवीच्या पंगतीतही नाही, तीस पानं मी उभ्यानं वाढली. नंतर लोक गेले, भाड्याची भांडी गेली, सतरंज्या गेल्या आणि मी दिवाणावर बसले, ती अजून नीट उठलेली नाही. माणूस गेल्यावर सकाळी चुकून दोन कप चहा मांडला जातो म्हणतात. माझ्या हातून तसंही होत नाही. मी बरोबर एकच कप मांडते. मी काही विसरत नाही, ताई. तेच तर बोलायचं आहे तुझ्याशी, पण आधी खोली आवरू दे.

डॉक्टरीणबाई वयानं लहान आहेत, आपल्या शाळेतून पास होऊन गेलेल्या एखाद्या मुलीएवढ्या. मी शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढली, त्यामुळे मला कोणी भरभर सूचना दिल्या की हात आपोआप कागदाकडे जातो. पण त्या सांगत गेल्या आणि मी नुसती मान हलवत बसले. दोरा, लोकर, रबर काही खाली ठेवू नका, पिल्लू गिळतं आणि आतड्यात अडकतं. खिडकीच्या गजांना जाळी लावा. गायीचं दूध देऊ नका, पोट बिघडतं. वाळूचं घमेलं एका कोपऱ्यात आणि खाणं दुसऱ्या कोपऱ्यात. फिनाईलनं फरशी पुसणं बंद करा. इथे मात्र मी बोलले. म्हटलं, मॅडम, आमच्या घरात आजवर एक दिवस असा गेला नाही की फिनाईलनं फरशी पुसली नाही. त्या म्हणाल्या, मग आता जाऊ द्या. तुझं आणि माझं यावरून किती वाजायचं! तुला तो वास सहन व्हायचा नाही, ‘दवाखान्यात राहून राहिलो का वं आपण’ म्हणायचीस. बघ, तू गेल्यावर तुझी बाजू जिंकली. बाटली मी मोलकरणीला देऊन टाकली.

दूध द्यायचं नाही हे मात्र तुला पटलं नसतं. तू डॉक्टरीणबाईंशी भांडली असतीस. तुझ्या हातची ती ॲल्युमिनियमची चेपलेली वाटी, दुधात पोळी कुस्करलेली, आणि गॅलरीच्या कठड्यावर बसलेली भुरी मांजर. भुरी कोणाची नव्हती, साऱ्या गल्लीची होती, पण तिचं सकाळचं जेवण तुझ्याकडे असायचं. ती जेवत असताना तू तिच्याशी जे बोलायचीस, ते मी आतून ऐकायचे. माझ्याशी सुद्धा इतकं सविस्तर बोलत नव्हतीस.

खोलीत दोरे म्हणशील तर जिथे हात घालावा तिथे निघाले. गल्लीतल्या साड्यांना फॉल लावून लावून तू ती खोली शिंप्याचं दुकान करून टाकली होतीस. पलंगाच्या पायाला गुंडाळलेला दोरा, खुर्चीच्या पाठीला अडकवलेला दोरा, आणि कॅलेंडरच्या वरच्या पट्टीत ओळीनं खोचलेल्या सुया, प्रत्येकीत दोरा ओवलेला. मेंदी रंगाचा, आमसुली, राणी रंगाचा. चष्मा लावूनही दोरा ओवता येत नाही म्हणून तू सकाळच्या उजेडात सगळ्या सुया एकदम ओवून ठेवायचीस. त्या एकेक काढून मी डबीत घातल्या. डबी कपाटात ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. वातींची डबी पण वर ठेवली. मग तुझ्या पलंगावर जरा टेकले तर दुपार निघून गेली.

आणि चिठ्ठ्या, ताई. त्या किती ठेवून गेलीस! उशीच्या अभ्र्यात, औषधांच्या खोक्यात, देवघराच्या खणात. कॅलेंडरच्या जुन्या पानांचे पाठकोरे तुकडे. ‘कुंदाला सांगणे, उद्या दूधवाला येणार नाही.’ ‘कुंदाला सांगणे, गॅस लावला.’ ‘कुंदाला सांगणे, महालातून काकूचा फोन.’ प्रत्येकीवर पेनानं बरोबरची खूण. सांगून झालं की तू खूण करायचीस आणि तरीही संध्याकाळी विचारायचीसच, ‘कुंदे, मी सांगतलं ना वं तुले?’ सहा वर्षं. दिवसातून पाच-सहा वेळा. मी भाजी चिरता चिरता वैतागून म्हणायचे, हो वं बाई, सांगतलं, सांगतलं, सांगतलं. तू म्हणायचीस, मंग ठीक हाये. पदराच्या टोकाला मारलेली गाठ सोडायचीस आणि आत जायचीस.

दवाखान्यात शेवटून दुसऱ्या दिवशी दुपारी तू डोळे उघडलेस. नाकात नळी होती. मी संत्रं सोलत होते, कोणासाठी ते मलाच ठाऊक नाही, तुला तर तोंडानं काही द्यायचं नव्हतं. तू माझं मनगट धरलंस.

‘कुंदे, मी सांगतलं ना वं तुले?’

‘हो वं ताई. सांगतलं.’

‘मंग ठीक हाये.’

आपलं शेवटचं बोलणं ते. मी विचारलं सुद्धा नाही, काय सांगतलं म्हणून. सहा वर्षांच्या सवयीनं हो म्हणून टाकलं. नंतर पंधरा दिवस डोकं खात बसले की तुला काय म्हणायचं असेल. कपाटाची किल्ली? बँकेचं काही? कोणाच्या साडीचा राहिलेला फॉल? लोक भेटायला येत होते, मी त्यांना पाणी देत होते आणि मनात हेच चाललं होतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पार्वताबाई आली, चौकात टोपली घेऊन बसणारी तुझी फुलवाली. आत ये म्हटलं तर येईना. पदर तोंडाशी धरून उंबऱ्यातच उभी राहिली.

‘बाई, थ्या पिल्लाचं काय करू मंग?’

‘कोणत्या पिल्लाचं?’

‘अवो, मांजरीच्या. माह्या घरची मांजर व्याली ना. ताईनं त्याच्यातलं एक राखून ठेवाले सांगतलं होतं. तांबडं हाये थे. ताईनं सांगतलं नाही का तुमाले? मले तं म्हने, मी कुंदेले सांगून ठेवते.’

माझ्या तोंडून पटकन निघालं, ‘सांगितलं होतं. सांगितलं होतं तिनं मला.’

का निघालं ते सांगते. तू विसरलीस असं त्या बाईला वाटू नये म्हणून. ताई, तू मला पिल्लाचं काही सांगितलं नव्हतंस. दवाखान्यात जायची धावपळ झाली आणि राहून गेलं. इतक्या चिठ्ठ्यांमध्ये पिल्लाची एकही चिठ्ठी नाही, मी सगळ्या पाहिल्या. सहा वर्षांत एवढी एकच गोष्ट तुझी खरंच सांगायची राहिली, आणि तिच्याबद्दल मी तुला हो म्हणून बसले.

पार्वताबाईचं बोलणं संपलं नव्हतं. डोळे पुसून म्हणाली, ‘मी इचारलं ताईले, तुमाले मांजरीचा इतका जीव, मंग इतके सालं काहून नाही पाळली? तं म्हने, माह्या डोक्याचा भरवसा नाही वं पार्वता. सांगाची गोष्ट मी सांगत नाही अन् मुक्या जिवाचा जीव जाते. पन कुंदा काही विसरत नाही. तिच्या हातात राहीन तं पिल्लू नीट राहीन. अन् माह्या मांगं तिले बी घरात कोनी पायजे.’

मी दाराची चौकट धरून उभी होते. मला पिल्लू नको होतं. या वयात, या गुडघ्यांनी, कोणाच्या मागे पळायचं? काकू तर म्हणाल्याच आहेत की वर्षाच्या आत घरात मांजर आणू नका म्हणून. मी नाही म्हणू शकले असते. पार्वताबाईच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिचीही तीच अपेक्षा होती. पण ‘कुंदा काही विसरत नाही’ ऐकल्यावर मला नाही म्हणताच येईना. म्हटलं, आणा. ती म्हणाली, अजून तीन आठवडे आईजवळ राहू द्या, ताईनंच सांगतलं होतं, दोन महिने दूध पिऊ दे म्हने. तिला परत पाठवून मी दार लावलं आणि त्याच्यापाशीच खाली बसले.

त्या तीन आठवड्यांत उन्हाळा लागला. तुला माहीत आहे आपल्याकडे कसा लागतो ते, सकाळी दहालाच गल्लीत माणूस दिसत नाही. शेजारीपाजारी कूलर सुरू झाले. आपला अजून चादर पांघरून मागच्या गॅलरीत होता. परवा कूलरवाल्या रफीकभाईंना बोलावलं. गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत काढून त्यांनी तिन्ही जाळ्यांत नवं भरलं, मोटर पाहिली, टाकी धुतली. पिल्लू आत शिरू नये म्हणून कूलरच्या बाजूच्या फटीला बारीक जाळी बसवून घेतली. ते हत्यारं गोळा करत होते तर मी पुन्हा बाजूची एक जाळीची झडप काढली आणि टाकीत खांद्यापर्यंत हात घातला. चारही कोपरे चाचपले.

‘मॅडम, सफाई तो कर दी ना मैंने,’ ते म्हणाले, ‘अब क्या ढूंढ रहे अंदर?’

म्हटलं, ‘कुछ नहीं भाई. आदत है.’ सवय नव्हती, ताई. सहा वर्षांपूर्वी असती तर.

आता सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, फक्त त्यातली एक गोष्ट ठाऊक नाही.

होळी नुकतीच झाली होती. रविवार होता, कोपऱ्यावरून तर्री-पोहे आणले होते, मी बशी मांडीवर घेऊन पेपर वाचत होते. तू गॅलरीतून आलीस आणि म्हणालीस, ‘कुंदे, भुरीनं कूलरात पिल्लं घातली वं. तीन हायेत. डोळेबी नाही उघडले अजून. पंधरा दिवस कूलरले हात लावू नको.’ हिवाळाभर बंद पडलेला कूलर, आत वाळलं गवत, वर चादर. बाळंतपणाला मांजरीला याहून चांगली जागा कुठे मिळणार? आपल्या नागपुरात दर घरी एकदा तरी हे होतं. मी पेपरातून मान वर केली नाही, पण ऐकलं. आणि ऐकून म्हणाले, ‘राहू दे, भाडं घे तिच्याकडून.’ तू हसलीस. तुझ्या हसण्याचा आवाज मला आज लिहिताना ऐकू येतोय.

पुढचा रविवार अचानक तापला. तू सकाळीच महालच्या बाजारात गेली होतीस, फॉलचं कापड आणायला. दुपारी पंख्याखाली जीव घाबरायला लागला. मी गॅलरीत गेले, कूलरवरची चादर ओढली, नळाचा पाइप बाजूच्या फटीतून आत सोडला आणि तोटी पूर्ण उघडून आंघोळीला गेले. जाळी काढून पाहिली नाही. कशाला पाहणार, मला आठवलंच नाही. तुझी गोष्ट माझ्या डोक्यातून साफ निघून गेली होती. आंघोळ करून आले तर भुरी शेजारच्या कठड्यावर उभी राहून ओरडत होती. नेहमीसारखं नव्हतं ते ओरडणं. ती आपल्या गॅलरीत उडी मारायला पाहत होती आणि मी ओल्या टॉवेलनं तिला हाकलत होते. दोनदा हाकललं. मग बटण दाबलं आणि कूलरसमोर पाय पसरून बसले. चांगली थंड हवा आली.

तू आलीस ती पिशव्या हातातच घेऊन उभी राहिलीस. कूलर चालू पाहून तुझं तोंड कसं झालं होतं! चप्पल न काढता गॅलरीत गेलीस, झडप ओढून काढलीस. मी मागे आले. मी पाहिलं आणि त्याच क्षणी मला सगळं आठवलं, पोह्यांची बशी, पेपर, भाडं घे तिच्याकडून. तू ती तीनही पिल्लं पदरात घेतलीस, एकेकाला पुसत राहिलीस. पंपाला अडकून वर राहिलेल्या एकाचं अंग थोडं हलत होतं. तासाभरानं तेही थांबलं. तू वर पाहून विचारलंस, रागानं नाही, खरंच विचारलंस,

‘कुंदे, मी सांगतलं होतं ना वं तुले?’

आणि मी म्हणाले, ‘नाही ताई. काहीच नाही सांगितलं तू.’

ठरवून नाही म्हणाले. तोंडातून निघालं. तुझ्या पदरात ती ओली पिल्लं होती आणि मला त्या पदरापासून दूर कुठेतरी उभं राहायचं होतं, म्हणून निघालं. मला वाटलं तू आता म्हणशील, असं कसं, तू तर भाड्याची थट्टा केली होतीस. तेवढं आठवलं असतं तर मी पकडली गेले असते, रडले असते, तू दोन दिवस बोलली नसतीस आणि मग झालं असतं. पण तू आठवत बसलीस. तुला आठवेना. तू म्हणालीस, ‘असं कसं होईन वं? मले वाटते मी सांगतलं.’ मी पुन्हा म्हणाले, नाही. महिनाभर तू विषय काढायचीस आणि मी नाही म्हणायचे, कधी चिडून, कधी वर तुलाच समजावत. मग एक दिवस पोळ्या लाटता लाटता तू म्हणालीस, ‘नसंन सांगतलं मी. माह्याच डोक्यातून गेलं असंन.’ मी तव्यावरची पोळी उलटवली. त्या दिवसापासून भांडण संपलं.

पदराच्या गाठी तिथून सुरू झाल्या, आणि चिठ्ठ्याही. तू गॅस बंद करून परत जाऊन पाहायला लागलीस. कुलूप लावून परत यायला लागलीस. भुरी पुन्हा आली नाही आणि तू दुसऱ्या कोणत्या मांजरीला वाटी लावली नाहीस. पुढचे दोन उन्हाळे तू त्या कूलरसमोर बसली नाहीस. मे महिन्यात, आपल्या मे महिन्यात, तू आतल्या खोलीत पंख्याखाली ओलं फडकं अंगावर घेऊन पडायचीस. मी म्हणायचे, ये वं बाहेर, तुझं काय जातं? तू म्हणायचीस, मले नाही लागत.

कूलरसमोरची ती जागा तूच तर मला दिली होतीस. भाऊजी गेल्यावर तू इथे राहायला आलीस, त्या पहिल्याच उन्हाळ्यात. मी ऑफिसातून उन्हातान्हाची यायचे म्हणून दिवाण सरकवून बरोबर हवेच्या तोंडाशी लावलास. माझा डबा, माझ्या साड्यांना फॉल, माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी सहा-सहा तासांनी थेंब. मी लग्न केलं नाही म्हणून लोक जे बोलायचे ते माझ्यापर्यंत येऊ द्यायचं नाही, दारातच त्यांना उत्तर द्यायचं. हे सगळं तू केलंस, आणि मी तुला एक वाक्य दिलं नाही. रोज देता आलं असतं. आपण एका घरात होतो, ताई, कुठे लांब जायचं नव्हतं मला.

त्यातला एक दिवस तर मला जन्मभर पुरेल. तू हट्टच धरलास, माह्या डोक्याचा फोटो काढ वं कुंदे, मले काही तरी होऊन राहिलं. मी तुला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तुला त्या मोठ्या मशीनमध्ये घातलं तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते, तुझ्या बांगड्या आणि कानातले रुमालात बांधून मांडीवर घेऊन. डॉक्टर म्हणाले, अगदी छान आहे, वयाच्या मानानं तर फारच छान. तू त्यांना म्हणालीस, ‘मंग मी विसरते काहून, साहेब?’ ते म्हणाले, काय विसरता? तू कूलरचं सांगितलंस. तेवढं एकच सांगितलंस, कारण दुसरं विसरलेलं काही तुझ्याजवळ नव्हतंच. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुमालाची गाठ सोडून तुझ्या बांगड्या काढायला लागले. येताना ऑटोत तू म्हणालीस, मशीनलेबी सगळं दिसत नसंन. मी म्हणाले, हो, नसेल.

हे लिहून मी थांबले आहे. उरलेलं उद्या.

आज शनिवार. सकाळी पार्वताबाई आली. फुलांच्या टोपलीत ओलं पोतं, त्यावर फडकं, आणि त्यात हे तांबडं. अंगाला झेंडूचा वास. हातात घेतलं तर एवढंसं पोट, आणि आत काळीज नुसतं धावतंय. पार्वताबाई म्हणाली, ‘ताईची आठवन म्हनून सांभाळा.’ आणि उंबऱ्यावरूनच गेली.

तुझ्या खोलीत सोडलं तर ते सरळ पलंगाखाली गेलं, तुझ्या लोखंडी पेटीच्या मागे. वाटीतलं खाल्लं नाही, वाळूकडे पाहिलं नाही. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ओढून काढू नका, खोलीत खाली बसा आणि बोलत राहा, तुमच्या आवाजाची सवय होऊ द्या. म्हटलं, काय बोलू? म्हणाल्या, काहीही बोला.

दुपारी उकाडा वाढला. मी गॅलरीत जाऊन कूलरची झडप काढली, टाकीत हात घातला, चारही कोपरे पाहिले. पिल्लू इकडे बंद खोलीत आहे हे ठाऊक असूनही पाहिले. मग पाइप सोडला आणि टाकी भरेपर्यंत तिथेच उभी राहिले. आता दर वेळी असंच करणार आहे. भरल्यावर कूलर लावला, तुझ्या खोलीचं दार अर्धं उघडून त्यात स्टूल आडवं टाकलं, हवा आत येईल एवढं, आणि दाराला पाठ लावून फरशीवर बसले. गुडघे बोंबलत होते.

बोलायला सुरुवात केली. सांगितलं त्याला की मी कुंदा, ही खोली ताईची, फरशी साध्या पाण्यानं पुसली आहे. सुतार सोमवारी येतोय हेही सांगितलं. पेटीमागून दोन डोळे दिसायला लागले. मग बोलण्यासारखं संपलं. उरलं होतं ते एकच. सहा वर्षं या खोलीच्या दारापर्यंत आणून मी ते परत नेत होते, आणि आज मी दाराच्या आत बसले होते.

मी तुझ्या पलंगाकडे पाहिलं. तू विचारायचीस तेव्हा जिथे बसायचीस, तिथे, उशीच्या बाजूला. आणि चांगलं स्पष्ट, शेजारी ऐकतील अशा आवाजात म्हटलं,

‘हो वं ताई. सांगतलं होतं तू मले. कूलरात पिल्लं हायेत म्हणून सांगतलं होतं, अन् मी आयकलं होतं. तू नाही विसरली. मी खोटं बोलली.’